विटा १२४, माणसं अंदाजे

अंक दोन महिने उशिरा निघतोय. कारण नेहमीचंच. कागदाचे पैसे जमले नाहीत, आणि जमले तेव्हा माझी रात्रपाळी लागली. वर्गणीदार दोस्तांनी शिव्या घातल्या, त्या पोचल्या. आणखी घाला. पण या खेपेला संपादकीयाला विषय शोधत बसावं लागलं नाही. फोर्टातल्या एका थंडगार हॉलात गादीच्या खुर्चीवर बसून तो आयता मिळाला.

झालं असं. शनिवारी इंदिरा गोदीत स्टीलच्या कॉइली उतरवून पाळी सुटली. एका दोस्ताने मोबाईलवर जाहिरात धाडली होती. मुंबईच्या गोदीच्या इतिहासावर जाहीर व्याख्यान, प्रवेश विनामूल्य, सर्वांना आमंत्रण. सर्वांना म्हटलंय म्हणजे आपण पण त्यात आलो. नळावर तोंड धुतलं, शर्ट बदलला, गेलो. दारावरचा वॉचमन माझी पाठीवरची पिशवी बघून म्हणाला, "पार्सल इथंच ठेव, वरून माणूस येईल." म्हटलं, "मामा, पार्सल नाय. भाषण ऐकायला आलोय." त्याने मला खालून वर न्याहाळलं आणि हळूच बोलला, "मग मागच्या दाराने जा. पुढे सायेब लोक बसल्यात." त्याचा राग आला नाही. बारा तास उभं राहून जे शिकवलंय तेच तो बोलला.

भाषण दीड तास चाललं. वक्ते विद्वान होते, खोटं सांगत नव्हते. पडद्यावर जुने फोटो. सात बेटं. १६६१ साली पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात मुंबई आंदण गेली. १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला मिळाली. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट, १८७५ मध्ये प्रिन्सेस डॉकची पायाभरणी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते, १८८० ला गोदी चालू. मग व्हिक्टोरिया डॉक. मग १९१४ साली अलेक्झांड्रा डॉक, जिला आज आपण इंदिरा गोदी म्हणतो. ती खणताना निघालेली माती समुद्रात ओतली आणि त्या भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. इमारतींची शैली, कमानी, खांब, विटेट साहेबाची नक्षी. लोक माना डोलवत होते. मीही डोलावली. जिथं रोज घाम गाळतो त्या जागेच्या तारखा पहिल्यांदाच ऐकत होतो, कशाला खोटं बोलू?

पण ती माती खणली कुणी? पाट्या वाहिल्या कुणी? समुद्रात उभं राहून दगड बसवले कुणी? दीड तासात तो माणूस पडद्यावर एकदाच आला. एका फोटोत कडेला, अर्धा कापलेला, डोक्यावर पोतं. वक्ते फोटोतल्या क्रेनबद्दल बोलले.

शेवटी १४ एप्रिल १९४४ आला. दोस्तांनो, ही तारीख आपल्या अंगावर निळ्या शाईने लिहिलेली आहे. पण त्याच तारखेला व्हिक्टोरिया डॉकमध्ये काय झालं, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत आहे? ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज दोन दिवसांपूर्वी, १२ तारखेला, गोदीला लागलं होतं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं, ८७०० गाठी कापूस आणि वर सोनं. स्फोटकं असलेल्या जहाजावर लाल बावटा लावायचा असतो. तो लावला नव्हता. दुपारच्या सुट्टीनंतर धूर दिसला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. अर्ध्या तासाने दुसरा. जहाजं उडाली, शेड जळाल्या, मशीद बंदर, मांडवीपर्यंत आगी लागल्या. ऐंशी हजार माणसं बेघर झाली.

व्याख्यान संपलं. प्रश्न विचारा म्हणाले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, जहाजावर सोनं किती होतं? वक्त्यांनी कागदाकडे न बघता सांगितलं. १२४ विटा, ३१ पेट्या, एका पेटीत चार. एक वीट एका पारशी गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत पडली आणि त्याने ती प्रामाणिकपणे परत केली, तेही सांगितलं. पुढे कित्येक वर्षांनी गाळ काढताना सापडलेल्या विटेची हकिकत सांगितली. हॉल खूष.

मग मी हात वर केला. माईक मागच्या रांगेपर्यंत यायला वेळ लागला. विचारलं, "सर, त्या दिवशी कामावर असलेले गोदीतले हमाल किती मेले? त्यांची नावं कुठं लिहिलेली आहेत?"

वक्ते थांबले. थापा मारल्या नाहीत, एवढं त्यांचं मानतो. म्हणाले, "नेमका आकडा मिळत नाही. सगळे धरून आठशे ते तेराशे असा अंदाज आहे. रोजंदारीवरच्या मजुरांची नोंद..." आणि त्यांनी हवेत हात हलवला. सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, वेळ झाली, बाहेर चहा आहे.

विटा १२४. गाठी ८७००. माणसं अंदाजे.

मी गोदीतला माणूस आहे. दहावीच्या पुढं शिकलो नाही, पण मोजणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. जहाजातून स्लिंग उचलली की टॅली क्लार्क कागदावर रेघ मारतो. चार उभ्या, एक आडवी. एक पोतं कमी भरलं तर बोंब होते, मुकादम धावत येतो, ठेकेदार दंड कापतो. माल हरवत नाही, कारण मालाला मालक आहे. आठशे आणि तेराशे यांच्यामध्ये पाचशे माणसं आहेत, दोस्तांनो! पाचशे पोती हरवली असती तर त्या रात्री गोदीचे दरवाजे बंद करून झडती घेतली असती. पाचशे माणसं आहेत की नाहीत हे कुणाला ठाऊक नाही, आणि त्यावर चहा आहे.

आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जण मेले. त्यांची आठवण म्हणून दर १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. पाळलाच पाहिजे. जळत्या जहाजावर पाण्याचे पाइप धरून ते उभे राहिले होते. त्यांचा नेमका आकडा कळतो, कारण ते पगारपटावर होते. आमचा पणजा पगारपटावर नव्हता. तो टोळीत होता. टोळीवाल्याने सकाळी दारात उभ्या असलेल्या गर्दीतून बोट दाखवायचं, तू चल, तू चल, तू नको. त्या बोटाला वही नव्हती. गोदी कामगारांच्या कामाचा कायदा झाला १९४८ साली. पणज्याला चार वर्षं उशीर झाला.

माझी आजी तेव्हा पाच वर्षांची होती. खेडकडची माणसं, माझगावच्या चाळीत एका खोलीत दोन कुटुंबं. आता ती सत्त्याऐंशीला आलीय. ती सांगते, "बा सकाळी जाताना सांगितलान, संध्याकाळी जयंतीला नेतो, डोकं धुवून बस. मी डोकं धुवून बसले. मग आभाळ काळं झालं." एवढंच. पुढचं ती सांगत नाही. माझ्या बापाला सांगितलं नाही, मला सांगितलं नाही. बाबासाहेब त्या वेळी दिल्लीत व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळत होते, आणि इथं त्यांच्या वाढदिवसाला त्यांचा एक मजूर घरी आला नाही. त्याचं नाव कागदावर मला कुठंच सापडलेलं नाही. ते फक्त आजीच्या डोक्यात आहे. आजी गेली की पणजा दुसऱ्यांदा मरणार.

म्हणून हे लिहितोय.

कुणी म्हणेल, मुंबईच्या इतिहासाला काय कमी? गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ लिहिलं. १९०९ मध्ये एडवर्ड्स साहेबाने गॅझेटियर काढलं. आता तर दर शनिवार-रविवारी भाषणं आहेत, फेरफटके आहेत. असू द्यात. मी स्वतः आणखी जाणार आहे, तुम्हीही जा, फुकट आहे आणि पंखा बरा आहे. पण कान उघडे ठेवून ऐका. काय मोजलंय आणि काय अंदाजे आहे, ते वहीत लिहून आणा.

उदाहरण देतो. प्रिन्सेस डॉक खणताना चिखलाखाली बुडालेलं जंगल सापडलं. साडेतीनशेच्या वर झाडं. कित्येक खोडं उभीच्या उभी. इंजिनियर साहेबाने त्यांची मोजणी केली, उभी किती, आडवी किती. विज्ञानाच्या दृष्टीने फार चांगलं काम. पण ज्या हातांनी ती खोडं उपसली ते हात किती होते? मेलेल्या झाडाला मुंबईच्या इतिहासात जागा मिळाली, जिवंत बिगाऱ्याला मिळाली नाही.

दुसरं उदाहरण. आमच्या बाजूची नावं घ्या. कोळसा बंदर, लकडी बंदर, दारूखाना, कॉटन ग्रीन. मालाची नावं. कारनॅक, रे, फ्रिअर. साहेबांची नावं. फ्रिअर रोडचा पी. डिमेलो रोड झाला, गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचं नाव रस्त्याला लागलं, एवढाच काय तो अपवाद नजरेत भरतो. आणि कष्टकऱ्यांचं नाव लागलेला मुलूख पाहायचा तर कामाठीपुरा बघा. तेलुगू मुलखातून आलेले कामाठी, शहराच्या भिंती बांधणारे मजूर. त्यांच्या नावाचं या शहराने काय केलं? शिवी केली. पांढरपेशा माणूस ते नाव घेताना आवाज बारीक करतो. ज्यांनी घरं बांधली त्यांचं नाव घरात घेता येत नाही.

तिसरं उदाहरण जरा आपल्या लाल दोस्तांना झोंबेल. गिरणगावावर भाषणं पुष्कळ होतात. भोंगे, संप, लाल बावटा, १९८२. छान. पण विणकाम खात्यात आपल्या माणसाला शिरू देत नव्हते, हे किती भाषणांत येतं? धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे. अस्पृश्याचं तोंड लागलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड कसं लावणार? म्हणून जास्त पगाराचं खातं आपल्याला बंद. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न लावून धरला. भूक एक, मालक एक, भोंगा एक, पण तोंड वेगळं. हे सांगितल्याशिवाय गिरणगावाचा इतिहास म्हणजे अर्धा धोटा.

आता काही मित्र विचारतील, लेका, मेलेल्यांची नावं शोधून आजचं पोट भरणार काय? भरेल. ऐका.

शहराचा इतिहास हा शहराचा सातबारा असतो. त्यावर नाव चढलं तर तुम्ही इथले. नाही चढलं तर घुसखोर. त्या हॉलात वक्ते म्हणाले, नोंद मिळत नाही. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. झोपडपट्टीच्या पात्रतेच्या यादीसाठी आमची शेजारीण कागदांची पिशवी घेऊन रांगेत उभी राहिली, तेव्हा खिडकीतला माणूस हेच म्हणाला. १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा आणा. पुरावा पावसात गेला, साहेब. मग नोंद मिळत नाही. अपात्र. खिडकी आणि व्यासपीठ एकाच आवाजात बोलतात. एक नम्रपणे बोलतं, एक खेकसतं.

बघा ना, जतन काय होतं आणि जमीनदोस्त काय होतं. व्हीटी स्टेशन २००४ मध्ये जागतिक वारसा झालं. ओव्हलच्या दोन्ही बाजूंच्या इमारती २०१८ मध्ये झाल्या. दगड सुंदरच आहेत, राहू द्यात. पण २५ जून २०१६ च्या पहाटे, शहर झोपेत असताना, दादरचं आंबेडकर भवन आणि त्यातला बुद्धभूषण प्रेस बुलडोझरने पाडला. ज्या छापखान्याशी बाबासाहेबांच्या अक्षरांचं नातं, तो सकाळी मातीचा ढीग होता. बीडीडीच्या २०७ चाळी, मजल्याला वीस आणि इमारतीला ऐंशी खोल्या, १६० चौरस फुटांत शंभर वर्षं माणसं जगली. आता त्यांच्या जागी टॉवर चढतायत. चाळीतल्या माणसाला मोठं घर मिळतंय त्याचा आनंद आहे. मोरीला दार असावं ही काही चैन नाही. पण चाळ पडली की जिना पडतो, आणि जिन्यावर काय झालं ते सांगणारी माणसं बाविसाव्या मजल्यावर वेगवेगळ्या दारांआड जातात. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया, दोन्ही गोद्या भराव टाकून बुजवल्या. माझा पणजा जिथं उडाला तिथं आता पाणीसुद्धा नाही. बंदराच्या जमिनीवर उद्या काय उभं करायचं याचे नकाशे निघतायत. त्या नकाशात रे रोडच्या झोपडीला कुठला रंग दिलाय, ते आपल्याला विचारून दिलेला नाही.

आता स्वतःकडे वळू. दुसऱ्याला शिव्या देणं सोपं असतं.

आपण काय करतो? १४ एप्रिलला बारा फुटांचे स्पीकर लावतो. खिडक्या थरथरतात. माझ्या आजीच्या खिडकीखाली आपल्याच पोरांचा डीजे वाजत होता आणि ती कानात बोटं घालून कोपऱ्यात बसली होती. मला वाटायचं म्हातारीला आवाज सोसत नाही. आता कळतंय तिला दरवर्षी त्या तारखेला कुठला आवाज ऐकू येतो. मी तिच्याच घरातला, कवी म्हणवतो स्वतःला, आणि मी कधी विचारलं नाही. त्या वक्त्यांना मी जो प्रश्न विचारला तो आधी मला कुणीतरी विचारायला हवा होता.

आपल्या पोरांना विचारा, ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या बीडीडीत पँथरच्या सभेवर काय झालं? रमेश देवरुखकर कोण? १० जानेवारीला परळला मोर्चावर वरून दगडी पाटा पडून मेला तो भागवत जाधव कोण? अर्ध्यांना माहीत नाही. ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई नगर, पोलिसांच्या गोळ्यांनी दहाजण मेले. हे अजून आठवतं, कारण त्या वस्तीने ते आठवत ठेवलं. आठवण आपोआप राहत नाही. ती पाणी भरल्यासारखी रोज भरावी लागते.

आणि आपण जे थोडं सांगतो त्यात बाया कुठं असतात? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी चळवळीतल्या बायांना शोधून, त्यांच्याशी बोलून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ मध्ये काढलं. कुठल्या एसी हॉलाची वाट बघितली नाही. तेच आपलं शाळेचं पुस्तक समजा. सांडलेलं धान्य झाडून पोरं जगवणाऱ्या बाया गोदीच्या इतिहासात यायला हव्यात. नाहीतर आपणही आपल्याच बायकांना अंदाजे धरणारे निघू.

भाषण ही आपल्याला नवी गोष्ट आहे का? ९ मार्च १९२४ ला परळच्या दामोदर हॉलात बाबासाहेबांनी सभा बोलावली, त्यातून त्याच वर्षी जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. बाबासाहेब स्वतः परळच्या बीआयटी चाळ नंबर एकमध्ये १९१२ ते १९३४ राहिले, ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत. चाळीत राहून विद्वान होता येतं याचा याहून मोठा पुरावा कुठला पाहिजे? जलसेवाले ढोलकीवर इतिहास सांगत होते आणि हजार हजार माणसं रात्रभर ऐकत होती. आपणच मधे माईक डीजेवाल्याला देऊन टाकला.

तो परत घ्यायचा. येत्या १४ एप्रिलपासून आपलं मंडळ चाळीत भाषणं सुरू करतंय. हॉल नाही. जिना, गच्ची, नाहीतर विहाराचं आवार. महिन्यातून एक. ठरलंय ते असं.

बोलणारा तिथं राबलेला किंवा राहिलेला असावा. गोदीवर गोदीवाला, सफाईवर सफाईवाली, गिरणीवर गिरणीतला. डिग्री असली तरी चालेल, नसली तरी चालेल. दर दोन भाषणांतलं एक बाईचं. म्हाताऱ्या माणसाला व्यासपीठावर भीती वाटते, तर नातवाने शेजारी बसून विचारावं: गाव कुठलं, पहिला पगार किती, मुकादमाचं नाव काय, पाणी कुठून भरायचा, कोण मेलं, कसं मेलं. एकाने लिहून घ्यायचं, एकाने मोबाईलवर आवाज घ्यायचा. जुने पास, रेशन कार्डं, हजेरीचे बिल्ले, फोटो आणायचे. जागच्या जागी फोटो काढून मूळ कागद मालकाला परत. कुणाचा कागद ठेवून घ्यायचा नाही.

आणि एक नियम कडक. फेकायचं नाही. आपलं दुःख मोठं दिसावं म्हणून आकडा फुगवायचा नाही. जेवढी नावं मिळतील तेवढीच लिहायची. सात मिळाली तर सात. ज्या दिवशी आपणही "अंदाजे" म्हणायला लागू, त्या दिवशी आपल्यात आणि त्या हॉलात फरक राहणार नाही. मिळालेली नावं या मासिकाच्या प्रत्येक अंकात शेवटच्या पानावर छापू. कविता कमी छापू, त्यात माझीही.

पहिलं भाषण माझगावला, आमच्याच चाळीच्या आवारात. दुपारी चार वाजता जमायचं. चार वाजून सहा मिनिटांनी डीजे बंद. त्या वस्तीतल्या मंडळाच्या पोरांशी बोलून झालंय. आधी कुरकुरली, मग एकजण म्हणाला, "माझा पणजा पण गोदीतच होता रे." चारच्या सहा मिनिटांनंतर एक मिनिट सगळे उभे राहू. त्यानंतर बोलणं.

आजीला विचारलं, बोलशील का? म्हणाली, "मी काय बोलू? मला कोण ऐकणार?" दोन दिवस गप्प बसली. काल पाळीवरून आलो तर जेवायला वाढता वाढता म्हणाली, "बाचं नाव तुला ठाऊक हाय का?" म्हटलं, नाही. "मग चार वाजता ये. तिथंच सांगते."

मलाही तोवर थांबावं लागणार आहे. तुम्ही या. वही आणा.

जयभीम.